दमसासाचे मोजमाप



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानासाठी रक्तातील दुग्धाम्लाचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु सैन्य व पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी खेड्यांतील मुले पाहिली, म्हणजे हा विषय प्रयोगशाळेपुरता उरत नाही. 'रोज जीव तोडून धावा' हाच सल्ला त्यांना बहुधा मिळतो. तो कितपत शास्त्रशुद्ध आहे, याचा विचार मला करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. १७८० साली शीले या रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातून हे आम्ल वेगळे केले, म्हणून ते दुग्धाम्ल. १९०७ मध्ये फ्लेचर व हॉपकिन्स यांना बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत ते साठलेले आढळले आणि त्याच्यावर 'थकव्याचे विष' असा शिक्का बसला. पुढे अमेरिकेतील जॉर्ज ब्रुक्स यांच्या संशोधनाने चित्र पालटले. एका स्नायूत निर्माण होणारे लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. कठोर श्रमानंतर सुमारे तासाभरात त्याचे रक्तातील प्रमाण पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचा दोष त्याच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

मग ते मोजावयाचे कशासाठी? तर श्रमाची खूण म्हणून. आता तळहातावर मावणारी यंत्रे निघाली आहेत. बोटातून वा कानाच्या पाळीतून रक्ताचा लहानसा थेंब घ्यावयाचा. पट्टीवरील विकराशी त्याची क्रिया होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि मिनिटाच्या आत आकडा दिसतो. विश्रांतीच्या वेळी तो लिटरमागे सुमारे १ मिलिमोल असतो. धावण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवीत गेले, की एका मर्यादेनंतर तो झपाट्याने चढू लागतो. तोच उंबरठा. त्यासाठी ४ मिलिमोल हा आकडा रूढ झाला खरा. परंतु प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असतो. घामातही लॅक्टेट असते. त्यामुळे त्वचा स्वच्छ न पुसता घेतलेला थेंब खोटे बोलतो. सुई मात्र प्रत्येकासाठी नवीच हवी.

२०२१ साली तोक्यो येथे १५०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारा नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्त्सेन याच पद्धतीने सराव करीत आला आहे. सरावाच्या मध्येच थेंब तपासावयाचा आणि आकडा चढला, तर वेग आवरावयाचा! आम्ही यंत्राकडून 'आणखी पळ' असे ऐकण्याची अपेक्षा करतो. ते पुष्कळदा 'थांब' म्हणते.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदकाचा मानकरी ठरला. खेड्यातील मुलांच्या अंगी काय सामर्थ्य असते, याचा याहून वेगळा पुरावा नको. उणीव असते ती मार्गदर्शनाची. ग्वाल्हेरला १९५७ पासून शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. परंतु तेथील ज्ञान तापीकाठच्या मैदानापर्यंत पोहोचले पाहिजे. रोज उंबरठा ओलांडणाऱ्या मुलाचे पाय भरतीच्या दिवसापूर्वीच दुखावतात आणि वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही. त्याच्यासाठी ते वर्ष म्हणजे घरची भाकरी असते.

प्रत्येक मोजणीला नवी पट्टी लागते. प्रत्येक शाळेला तो खर्च परवडणार नाही, हे मी जाणतो. तथापि यंत्राने शिकविलेला धडा विनामूल्य आहे. सरावाचा मोठा भाग उंबरठ्याच्या आत असावा, कठोर धाव आठवड्यात मोजकीच असावी. आणि हा उंबरठा ओळखण्याचे एक साधन निसर्गाने सर्वांना दिले आहे. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर आपण बहुधा आत आहोत; वाक्य तुटून शब्द उरले, की उंबरठा जवळ आला असे समजावे. हे मोजमाप ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. भाषेच्या अध्यापकाला याहून आनंदाची गोष्ट ती कोणती? म्हणून क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे, की उद्या पहाटे मुलांना धावताना बोलू द्या.