१८१ किलोची गाडी आणि आपण

गटांच्या बैठकांना गावोगावी फिरायला आम्ही दोघींनी मिळून हंटर ३५० घेतली, त्याला वर्ष होत आलं. भेटेल ती एकच विचारते, एवढी जड गाडी पेलते कशी?

गाडी १८१ किलोची, खरं आहे. पण चालती गाडी पेलावी लागतच नाही, वेग धरला की ती तोल राखते. जड जाते ती उभी असताना. उताराकडे तोंड करून लावली की मागे ओढताना घाम फुटतो. म्हणून आम्ही लावतानाच तोंड रस्त्याकडे करतो, आणि ढकलताना गाडी कमरेला टेकवतो. नुसत्या हातांनी ओढाल तर दमाल.

मोगराळे घाटात डबलसीट स्कूटीचा जीव जायचा. ही संथ चढते. उतरतानाही गिअर खालचाच ठेवायचा, म्हणजे इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. ओढणी मात्र घट्ट बांधा, मागे चेन आहे. पेट्रोल स्कूटीपेक्षा जास्त लागतं, ते धरूनच चाला.

आता महत्त्वाचं. बिनगिअरच्या स्कूटीचं लायसन्स या गाडीला चालत नाही. गिअरच्या गाडीचं काढावं लागतं, नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचे पैसे अडकतात. गटातल्या तिघींनी चावी मागितली, आम्ही दिली नाही. रागावल्या. त्यातल्या दोघी आता शिकाऊ लायसन्स काढून रविवारी शिकायला येतात. एक तर घरचा ट्रॅक्टर चालवते, तिला क्लच शिकवावाच लागला नाही.