वास्तू सामायिक, व्रत अभंग

(जालना येथे ग्रंथालय कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



समर्थांच्या जांबेने पावन झालेल्या या जिल्ह्यात ग्रंथांची महती मी सांगावी असे नाही. आज प्रश्न व्यवहाराचा आहे. छप्पर गळते, ग्रंथांची बांधणी रखडते. तेव्हा ग्रंथालयाच्या दर्शनी खोल्या भाड्याने द्याव्यात काय? काहींना हा सरस्वतीच्या घरी मांडलेला बाजार वाटतो. म्हणून मुंबईचा दाखला देतो.

१८०४ साली जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापिलेली विद्वत्सभा पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपास आली. तिचे घर म्हणजे टाऊन हॉल. त्याची कल्पना १८११ ची, वास्तू पुरी झाली १८३३ मध्ये. वर्गणी झाली, सोडतही झाली. पैसा मात्र वारंवार आटत गेला. अखेर सरकारने खर्च उचलला, तो आपल्या कचेऱ्यांना जागा मिळावी या अटीवर. शेजार असा मुळापासूनचा! पुढे मुद्रांक कार्यालय आणि मध्यवर्ती ग्रंथालयही त्याच छपराखाली नांदले. म्हणून विद्येचे व्रत भंगले नाही. सोपाऱ्याच्या स्तूपातील अवशेष आणि आरण्यकपर्वाची १५१६ ची सचित्र पोथी सोसायटीने जपली. महामहोपाध्याय काणे यांच्यासारख्या पंडिताचा तिच्याशी निकटचा संबंध राहिला.

मात्र तेथे सोसायटी घरमालक नव्हती, आपण आहोत. म्हणून आपली जबाबदारी अधिक. माझ्या उमेदीच्या काळात एका वाचनालयाने केवळ शब्दावर एक खोली दिली. शब्द देणारे गेले, खोली परत आली नाही. ग्रंथ पोत्यांत भरून ओसरीवर आले. ते दृश्य मी विसरलेलो नाही. दोष शेजाराचा नव्हता, आमच्या भिडेचा होता.

तेव्हा भीड नको. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृतच हवा. संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते. वाचनकक्ष व ग्रंथकोठार कोणत्याही करारात येऊ नये, आणि भाड्याचा पहिला पैसा बांधणीला जावा, असा ठराव आधी करा.

भाडेकरू आज आहे, उद्या नसेल. ग्रंथ मात्र नातवंडांच्या हाती द्यायचे आहेत. घराची चावी कोणाकडे आहे याचा विसर पडू देऊ नका, एवढीच विनंती.