गॅसला वास येतो कोठून?



जुन्नर-आंबेगाव हा कांद्याचा मुलूख. ओतूर, आळेफाटा, मंचर येथील बाजार कांद्याने गजबजतात. घराशेजारी चाळ असली, की पावसाळ्यात सडक्या कांद्याचा दर्प घरात येणारच. नाकही त्याला सरावते. मला बोलावयाचे आहे ते या सरावलेल्या नाकाविषयी.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील प्रोपेन व ब्यूटेन या वायूंना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टन या गंधकाच्या संयुगाचा. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला, तरी निरोगी नाकास तो कळतो. हवेत गॅसचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की ठिणगीने भडका उडू शकतो. वास त्याच्या कितीतरी आधी येतो.

१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, न्यू लंडन येथील शाळेखाली साचलेला वासहीन नैसर्गिक वायू पेटला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या राज्याने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले.

आपली अडचण अशी, की कांद्याचा दर्पही गंधकाच्याच संयुगांचा. चिरलेल्या कांद्यात तर मर्कॅप्टनचेच एक भावंड असते. म्हणून ‘चाळीत कांदा सडला असेल’ असे म्हणून गृहिणी कामाला लागते. भीमाशंकरकडच्या गावांत पावसाळ्यात दारे-खिडक्या लावलेल्या असतात आणि पुष्कळ घरांत गॅसच्या जोडीला चूलही पेटते. हा वायू हवेहून जड, त्यामुळे तो जमिनीलगत, नेमका चुलीच्या उंचीवर साचतो. सर्दी झालेल्यास व वृद्धांस वास उशिरा कळतो. त्याच हवेत बराच वेळ बसलेल्यास तो येईनासा होतो. वास गेला म्हणजे गळती थांबली, असे मुळीच नाही. बाहेरून आलेले मूल ‘वास येतोय’ म्हणाले, तर त्याचे ऐकावे.

अशा वेळी विजेचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. चूल-दिवा विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. शिक्षकांनी हा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा. शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतही तो भिंतीवर लिहावा. आणि नवी चाळ स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर बांधा, एवढे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांना सांगितले तरी पुष्कळ झाले.