माडाची जखम भरत नाही



महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, सावित्रीच्या खोऱ्यातील वाड्यांवर आज कुलूपबंद घरे आढळतात आणि त्यांच्या परसात पूर्वजांनी लावलेले आंबे, माड उभे असतात. घरधनी गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून येतो. झाडाचे दुखणे मात्र सणवार पाहून येत नाही. आंब्याच्या खोडातून भुसा गळू लागला की आत भिरूड शिरली आहे हे ओळखावे. माडाला सोंड्या भुंग्याने पोखरले, तर झाड वरून हिरवे दिसते आणि एके दिवशी शेंडाच कोलमडतो.

अशा वेळी खोडाला छिद्र पाडून ‘इंजेक्शन’ देण्याचा सल्ला मिळतो. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. मुळांनी शोषलेले पाणी खोडातून पानांकडे चढते. त्याच प्रवाहात औषध सोडले की ते शेंड्यापर्यंत पोहोचते आणि फवारणीसारखे वाऱ्यावर उडत नाही. परंतु आंब्याच्या सालीखाली नव्या पेशी घडविणारा थर असतो, म्हणून त्याची जखम कालांतराने भरते. माडाला तो थरच नाही. त्याच्या खोडाला पाडलेले छिद्र जन्मभर तसेच राहते.

म्हणूनच १९९८ मध्ये केरळात प्रथम आढळलेल्या इरिओफाईड कोळ्यावर मुळावाटे औषध देण्याची पद्धत रूढ झाली. पेन्सिलीएवढे जाड, जिवंत मूळ शोधून त्याला तिरपा काप द्यायचा. कडुनिंबापासून केलेले ५ टक्के अॅझाडिरॅक्टिन ७.५ मिलिलिटर आणि तितकेच पाणी पिशवीत घेऊन मूळ त्यात बुडवून बांधायचे. तयार नारळ आधीच उतरवून घ्यावेत आणि पुढचे ४५ दिवस झाडाला हात लावू नये. घरातील लेकरे तेच शहाळे पिणार असतात.

औषध म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडात पिवळ्या पडून मरणाऱ्या माडांच्या खोडात प्रतिजैविक टोचण्यात आले. झाडे तगली, पण दर चार महिन्यांनी मात्रा द्यावी लागे आणि ती थांबली की रोग पुन्हा डोके वर काढी. आपल्याकडे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’ने झाडांच्या व्याधींची वात, पित्त, कफ अशी विभागणी केली, ती निदान आधी आणि उपचार नंतर, हे जाणूनच.

तेव्हा प्रश्न सुईचा नसून माणसाचा आहे. भुसा पहिल्या दिवशी कोण पाहणार? ४५ दिवसांची आठवण कोण ठेवणार? वाडीतील एका जाणत्या तरुणाने शेजारच्या बंद घरांची झाडे महिन्यातून एकदा पाहावीत, शंका आल्यास दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा किंवा तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा आणि मुंबईकराने त्याचा खर्च आनंदाने उचलावा. आजोबांनी लावलेला माड नातवापर्यंत पोहोचवायचा, तर एवढे ऋण फेडलेच पाहिजे.