नव्वद टक्क्यांच्या दहा पायऱ्या



बंगळुरूत रसायनशास्त्र शिकणाऱ्या अनेकांची वाट पुढे भारतीय विज्ञान संस्थेकडे किंवा बोम्मसंद्र्याच्या औषध कंपन्यांकडे वळते. तिथे रोज लागणाऱ्या एका हिशेबाबद्दल बोलतो: यील्डचा, म्हणजे उताऱ्याचा. अनेक पायऱ्यांच्या संश्लेषणात प्रत्येक पायरीचा सुटा आकडा फसवतो, एकूण उताराच विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे. एका पायरीचा हिशेब मोलमध्ये होतो. १३.८ ग्रॅम सॅलिसिलिक आम्लापासून जास्तीत जास्त १८ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन मिळेल, हाती १४.४ ग्रॅम आलं, तर उतारा ८० टक्के. नुसती वजनं ताडली, तर तो शंभराच्या वर दिसेल! पायऱ्या वाढल्या की या टक्क्यांचा गुणाकार होतो. ९० टक्क्यांच्या १० पायऱ्या ओळीने केल्या, की उरतात जेमतेम ३५ टक्के. अभिक्रिया १०च ठेवून ५ आणि ४ पायऱ्यांच्या दोन शाखा केल्या आणि शेवटी त्या जोडल्या, तर सर्वांत लांब साखळी ६ पायऱ्यांची होते आणि उतारा ५३ टक्क्यांवर जातो. हात तेच, कौशल्य तेच. बदलला तो फक्त आराखडा. आराखड्याचं हे महत्त्व एका जुन्या उदाहरणात दिसतं. रसायनशास्त्रज्ञ विल्श्टेटर यांनी १९०१ मध्ये ट्रोपिनोन हे संयुग बनवलं तेव्हा लांबलचक मार्गाचा एकूण उतारा ०.७५ टक्के होता. १९१७ मध्ये रॉबिन्सन या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने तेच साध्या पदार्थांपासून एकाच भांड्यात घडवलं. सुरुवातीचा उतारा १७ टक्केच होता, पण पुढच्या सुधारणांनी तो नव्वदीपार गेला.

यावर कुणी म्हणेल, नव्या औषधाच्या पहिल्या चाचण्यांना मिलिग्रॅम पुरतात, मग उताऱ्याची एवढी चिंता कशाला? त्या टप्प्यावर हे खरं आहे. पण रेणू चाचणीत टिकला की किलोंची मागणी येते, आणि ०.७५ टक्क्यांचा मार्ग तिथे कोलमडतो. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच, मग ५० टक्क्यांची पायरी कुठेही असली तर काय बिघडलं? उत्तर तेच राहतं, खर्च नाही. ती पायरी सुरुवातीला असेल, तर स्वस्त कच्चा माल वाया जातो. शेवटी असेल, तर आधीच्या नऊ पायऱ्यांची अभिकर्मकं, द्रावकं आणि अनेक आठवड्यांचे श्रम मुरलेला निम्मा माल जातो. म्हणून प्रकल्पाच्या अहवालात एकूण उताऱ्याशेजारी सर्वांत कमी उताऱ्याची पायरी कितवी, हेही लिहा.