परदेशातला पैसा, जामखेडच्या बाया

परदेशातल्या छोट्या धर्मादाय संस्था आपल्याकडच्या कामांसाठी देणग्या जमवतात. त्या पैशाचं चीज कसं होतं, हे पाहायचं तर अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड पाहावं. राहुरीचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. परदेशी देणगीदारांनी हात दिला. पुढे अमेरिकेत जामखेडच्या नावानं निधी जमवणारी मित्रसंस्थाही उभी राहिली. पण खरी कमाई गावच्या बायांची! शाळेचं तोंडही न पाहिलेल्या कित्येकजणी, त्यांत दलित वस्तीतल्याही, आरोग्यसेविका झाल्या. सुरक्षित बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाची ओळख हे सारं त्या शिकल्या आणि गाव त्यांचा शब्द मानू लागलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज परदेशी देणगीसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावी लागते. तुमच्या भागातली संस्था असा निधी घेत असेल, तर तिचा जमाखर्च जरूर पाहा. काम पटलं, तर आपलेही शंभर रुपये त्यात घाला.