शिबिर संपल्यावर काय?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ जुलै १९९८ ला आपला जिल्हा झाला. त्यानंतर नंदुरबारात कचेऱ्या वाढल्या, नोकरदार कुटुंबं आली, आणि पुढे आपली सोसायटी उभी राहिली. पंचवीस वर्षांत आपण पाणी, रस्ता, दिवे सगळं केलं. आता माझी एकच मागणी आहे. आपल्या मुलांच्या हातात एखादं वाद्य टिकावं. ‘टिकावं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पोरं घरात कोंडली जातात, म्हणून आपण त्यांना उन्हाळी शिबिरात घालतो. पंधरा दिवसांत पेटीवर सरगम येते, तबल्यावर तीनतालाच्या १६ मात्रा कशाबशा पुऱ्या होतात. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, फोटो, टाळ्या. जूनमध्ये शाळा उघडली की पेटी माळ्यावर जाते. यात शिक्षकांचा दोष नाही. पंधरा दिवसांत वाद्याची ओळख होते, ते हातात बसत नाही. डाव्या हातानं भाता आणि उजव्या हातानं पट्ट्या, ही दोन कामं एकदम जमायलाच वेळ लागतो. तबल्याचा ‘ना’ सुरुवातीला नुसता टकटक वाजतो. त्या टकटकीचा कंटाळा मुलाच्या आधी घरच्यांना येतो, आणि कधी कधी शेजाऱ्यांना!

पूर्वी शिकायचं तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहावं लागे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सामान्य घरातल्या मुलांसाठी संगीताची शाळा उघडली. त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुलं देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा आणि मग विशारद, ही वर्षांची वाट आहे. उन्हाळी शिबिर म्हणजे तिचा फक्त उंबरठा.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आपण जाणतो. तिथला ढोल वाजवणारा पोरगा कुठल्या क्लासला गेलेला नसतो. मोठ्यांच्या शेजारी उभं राहून, ऐकून, हात मारून तो शिकतो. त्याचा ढोल कुणी बंद करायला सांगत नाही. आपल्या मुलांना नेमकं हेच मिळत नाही: ऐकायला मोठी माणसं आणि वाजवायला मोकळीक.

मी बँकेतला माणूस, म्हणून हिशेबात सांगतो. रियाज म्हणजे रिकरिंग डिपॉझिट. रोजची वीस मिनिटं भरा. रविवारी एकदम तीन तास बसून आठवड्याचे हप्ते भरून निघत नाहीत.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त चार गोष्टी सुचवतो. एक, शिबिर जरूर घ्या, पण सकाळी ७ ते ९, ऊन चढायच्या आत. दोन, जूनपासून सोसायटीचा हॉल रोज संध्याकाळी ६ ते ७ रियाजासाठी उघडा ठेवा; त्या तासात आवाजाची तक्रार कुणी करायची नाही, आणि रात्री उशिरा कुणी वाजवायचं नाही. तीन, दोन पेट्या आणि एक तबला-डग्गा सोसायटीच्या नावानं घ्या. वाचनालयातल्या पुस्तकासारखी वाद्यं महिनाभर घरी न्यावीत. मूल रमलं तरच आईबापांनी स्वतःची पेटी घ्यावी. चार, दर तीन महिन्यांनी मुलांनी पाच-पाच मिनिटं वाजवावं आणि आपण सगळ्यांनी खाली येऊन ऐकावं. त्याला स्पर्धा नको, बक्षीस नको.

रोज ६ वाजता हॉलचं कुलूप उघडायला कुणी तरी लागेल. मी निवृत्त आहे, किल्ली माझ्याकडे द्या. माझ्या जोडीला आणखी दोन ज्येष्ठ हवेत. कार्यक्रम संपल्यावर नाव द्यायला या.